बुडबुड्यापर्यंतचे आंबट

मी एक जुनी तीन लिटरची बरणी आहे, मित्रांनो. जाड काचेची, रुंद तोंडाची. तोंडाला एके ठिकाणी टवका उडाला आहे आणि पोटाच्या काचेत, तळापासून चार बोटे वर, एक बुडबुडा अडकलेला आहे. टवका म्हातारपणाचा आहे, बुडबुडा मात्र जन्मापासूनचा. काचेच्या कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईने मला उजेडासमोर धरले, बुडबुडा पाहून नाक मुरडले आणि फोडायच्या ढिगाकडे नेले. तेवढ्यात जेवणाची शिटी झाली. बाईला गरम सूप गार होऊ द्यायचे नव्हते. तिने मला घाईघाईत जवळच्या चांगल्या बरण्यांच्या पेटीत कोंबले आणि ती निघून गेली. एका वाटीभर सुपामुळे मी वाचले.

त्या पेटीतून मी आगगाडीने फार लांब आले. शिल्का नदीच्या काठी आमचे रेल्वेचे गाव आहे. हिवाळ्यात तिथे श्वाससुद्धा गोठून मफलरवर बसतो. स्टेशनजवळच्या दुकानातून मला कापाने घेतले. तेव्हा माझ्यात बर्चच्या झाडाचा रस होता. तो दोन दिवसांत संपला आणि मी रिकामी झाले. पण आमच्या गावात रिकामी बरणी कोणी टाकत नाही. त्या वर्षी मी काकड्यांचे लोणचे सांभाळले. शेपूची फुले आणि लसूण यांचा वास माझ्या अंगाला असा चिकटला की कापाला मला तीनतीनदा धुवावे लागले.

कापाचे पूर्ण नाव कापितोलिना येगोरोव्हना. ती स्टेशनवर गाड्यांची घोषणा करत असे. तिचा आवाज खणखणीत होता आणि घरी आल्यावरही तो खाली येत नसे. "बटाटे संपले!" असे ती म्हणाली तरी खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचे की मालगाडी आली. तिचा नवरा प्रोखोर त्याच मालगाड्या चालवत असे. तो इतका कमी बोलायचा की इंजिनाची शिटीच त्याचे बोलणे करते, असे लोक गमतीने म्हणत.

एका हिवाळ्यात कापाची आई आर्गून नदीकाठच्या खेड्यातून आली. तिने कोटाच्या आत, छातीशी धरून एक झाकणाचा डबा आणला होता. प्रवासात तो गोठू नये म्हणून ती रात्रभर पाठ टेकून झोपलीही नव्हती. डब्यात आंबट पाणी होते आणि त्यावर जाड घावनासारखे काहीतरी तरंगत होते. ते चहाचे अळंबे होते. हल्ली मोठ्या शहरांत त्यापासून केलेल्या पेयाला कोंबुचा म्हणतात आणि सुबक बाटल्यांतून विकतात असे ऐकते. आमच्याकडे ते फक्त अळंबे होते आणि ते विकायची कोणाची टाप नव्हती. ते द्यायचे असते.

"घे," आई म्हणाली. "माझ्या आईचं आहे. आणि आभार मानू नकोस हं."

"एवढं कळतं मला," कापा म्हणाली.

आमच्या भागात हा रिवाज आहे. रोप, मांजराचे पिल्लू, अळंबे, असे जिवंत काही कोणी दिले तर आभार मानायचे नाहीत. मानले तर ते जगत नाही म्हणतात. घेणाऱ्याने नुसती मान हलवायची आणि देणाऱ्याला चहाला बसवायचे. कापाने मान हलवली. मग तिने फळीवरच्या सगळ्या बरण्या पाहिल्या आणि त्यांतून मला उचलले. त्या दिवसापासून मी कधी लोणच्यासाठी परत गेले नाही.

मित्रांनो, अळंबे पाळणे सोपे आहे असे ज्याला वाटते त्याने ते पाळून पाहावे. त्याला गोड चहा लागतो, एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. पण किती गोड आणि किती चहा? पहिल्या वेळी कापाने चहा डांबरासारखा काळा केला. जे तयार झाले ते प्रोखोर डोळे मिटून प्यायला आणि म्हणाला, "याच्यावर इंजिन चालेल." दुसऱ्या वेळी तिने साखरेचा हात सैल सोडला, तर अळंबे सुस्तावले आणि पाकासारखे गोडच पाणी राहिले. तिसऱ्या वेळी साखर इतकी आखडली की पहिल्याच घोटाला प्रोखोरच्या मिशा ताठ झाल्या. एकदा तिला घाई होती म्हणून तिने चहा कोमट असतानाच ओतला. अळंबे आक्रसले आणि कित्येक दिवस तळाशी रुसून बसले. मला तर वाटले, गेलेच ते.

मग हळूहळू तिचा हात बसला. चहा करून गार झाला की ती तो माझ्यात ओतून मला खिडकीशी धरायची. बाहेर स्टेशनची लाल पाण्याची टाकी आहे. चहातून टाकी दिसली पाहिजे, पण टाकीच्या रंगाचे पोपडे दिसता कामा नयेत. पोपडे दिसले तर चहा फिका आणि टाकीच दिसेनाशी झाली तर कडक. साखर पैलूंच्या ग्लासाने घालायची, ग्लासाचे पैलू संपतात तिथपर्यंतच. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, पेय ओतून घेताना तळाचे जुने आंबट सगळे काढायचे नाही. दह्याला विरजण लागते तसे नव्या चहाला ते जुने आंबट लागते. त्याच्यामुळेच नवा चहा नासत नाही. कापा मला तिरपी करून ओतायची, मग सरळ करायची, वाकून एक डोळा मिटून पाहायची आणि थांबायची. जुने आंबट बरोबर माझ्या बुडबुड्याला टेकलेले असायचे.

हे ती इतक्या वेळा करत आली की आपण बुडबुड्याकडे पाहतो हेच ती विसरून गेली. विचारले असते तर तिने सांगितले असते, "अंदाजानं."

ते माझे वैभवाचे दिवस होते. खिडकीच्या फळीवर, हीटरच्या उबेत, तोंडावर पांढरी मलमल बांधून मी बसलेली असायचे. शनिवारी हमामखान्यातून लालबुंद होऊन आलेले शेजारी सरळ आमच्या स्वयंपाकघरात यायचे आणि ग्लास पुढे करायचे. सफरचंदासारखी आंबटगोड चव, जिभेला बारीक चिमटा काढणारी. उन्हाळ्यात प्रोखोर इंजिनावर एक बाटली घेऊन जायचा. "कापा, तुझ्या हाताला चव आहे," असे सगळे म्हणायचे. माझे नाव कोणी घेत नसे. पण कापा मला रोज ओल्या फडक्याने पुसायची, आणि बरणीला याहून जास्त काय हवे असते?

आता रिम्माची गोष्ट सांगते. रिम्मा समोरच्या दारात राहायची. ती औषधांच्या दुकानात पुड्या बांधायची. छोट्या तराजूवर चिमूटभर भुकटी तोलण्यात तिचे आयुष्य गेले, त्यामुळे सूपमध्ये मीठही ती तोलून घालते अशी थट्टा कापा करायची. तिचा नवरा येफिम प्रोखोरच्याच इंजिनावर मदतनीस होता. नवरे बाहेर रुळांवर असले की दोघी बायका आमच्या टेबलाशी बसून खिम्याचे मोदक वळायच्या आणि पिशव्या भरून बाल्कनीत गोठवायला टांगायच्या. कापा बोलायची, रिम्मा ऐकायची आणि मधूनच एखादे असे वाक्य टाकायची की कापाच्या हातातला मोदक हसताना फुटायचा.

त्या काळात साखर कुपनावर मिळू लागली होती. अशातच एकदा रिम्मा म्हणाली, "कापा, मला पण दे ना एक पापुद्रा. येफिमचं पोट बिघडलंय. गोळ्या खाऊन कंटाळला बिचारा."

कापाने माझ्यातल्या अळंब्याचा खालचा कोवळा पापुद्रा अलगद सोडवला आणि ताटलीत ठेवला. "चहा मध्यम कर. साखर एक ग्लास. गार करून घाल. बाकी सगळं अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे किती?"

"अगं, अंदाजानं म्हणजे अंदाजानं! देवानं डोळे दिलेत ना तुला?"

रिम्मा ताटली घेऊन दारापर्यंत गेली आणि सवयीने म्हणाली, "आभारी आहे हं, कापा!"

"अगं बाई!" कापाच्या आवाजाने माझ्यातले पाणी हलले. "काय बोलून बसलीस! परत घे तो शब्द!"

"शब्द म्हणजे काय रेल्वेचं तिकीट आहे, परत घ्यायला?" रिम्मा हसत निघून गेली.

रिम्माने घरी काय केले ते मला पुढे तिच्याच तोंडून कळले. औषधांच्या दुकानात वाढलेला तिचा हात. तिने पापुद्रा उकळून गार केलेल्या पाण्याने सात वेळा धुतला, बरणी वाफेवर धरली, साखर तोलली, चहा तोलला. सगळे स्वच्छ, सगळे ताजे. जुन्या आंबटाचा एक थेंबही त्यात नव्हता. काही दिवसांतच पापुद्र्यावर हिरवी बुरशी चढली. तिने कुपनावरची उरलेली साखर काढून पुन्हा चहा केला. बुरशीही पुन्हा आली.

मग ती बरणी हातात घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "तू मला काहीतरी सांगितलं नाहीस, कापा."

"सगळं सांगितलं! तूच आभार मानलेस."

"महिन्याची साखर गेली माझी. येफिम फिक्कट चहा पितोय. आणि तू आभारांचं काय घेऊन बसलीस?"

"म्हणजे माझ्या आईचं अळंबं वाईट, असं म्हणायचंय तुला?"

"अळंबं नाही," रिम्मा म्हणाली. "तुझी दानत."

आयुष्यात पहिल्यांदाच कापाचा आवाज बसला. तिने दार लावून घेतले. मग ती खिडकीशी आली आणि मला पुसत बसली. मी स्वच्छच होते, तरी ती बराच वेळ पुसत होती.

मला सांगा मित्रांनो, यात कोणाचे चुकले? कापाने काही लपवले नव्हते. तिला स्वतःलाच जे सांगता येत नव्हते ते ती लपवणार कसे? आणि रिम्मा तरी काय करणार? तिच्या बरणीला बुडबुडा नव्हता. मला सगळे ठाऊक होते, पण काचेला तोंड असून वाचा नसते.

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. एका जिन्याने चढायच्या आणि उतरायच्या, पण एकीचे दार वाजले की दुसरी आतच थांबायची. वर्षे अशीच गेली. साखर पुन्हा दुकानांत मिळू लागली. मोदक आता कापा एकटीच वळायची, आणि म्हणून थोडेच वळायची.

पुढे एका हिवाळ्यात येफिम वारला. कापाने रिवाजाप्रमाणे ढीगभर पातळ पोळ्या भाजल्या आणि प्रोखोरच्या हाती पाठवल्या. स्वतः मात्र ती गेली नाही. ती स्वयंपाकघरात बसून रडली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तोंड कुठलं दाखवू? दानत नाही ना मला." थंडी सरली तेव्हा प्रोखोरने जे केले ते फक्त मी पाहिले. कापा कामावर गेली असताना त्याने माझे फडके सोडले, अळंब्याचा एक पापुद्रा वाडग्यात काढला आणि तो कोरडा पडू नये म्हणून त्याच्यावर माझ्यातले बाटलीभर आंबट ओतले. त्याला प्रमाणातले काही कळत नव्हते. कळत नसल्यामुळेच त्याच्या हातून ते बरोबर झाले. जाताना त्याने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवले, जणू मी कोणाला सांगणारच होते.

संध्याकाळी कापाने मला पाहिले. "एवढं कमी कसं झालं?"

"प्यायलो."

"अर्धी बरणी?"

"तहान लागली होती."

पाहता पाहता दोघेही निवृत्त झाले. कापाची आई तर केव्हाच गेली होती. तिची शाल उंदरांनी खाल्ली होती, तिचे खेडेही रिकामे झाले होते. तिच्या हातचे आता जगात एकच राहिले होते आणि ते माझ्यात तरंगत होते. ताजा चहा घालताना कापा अळंब्याशी बोलायची, "पी, आई, पी." मला ती जबाबदारी वाटायची.

मग एकदा स्टेशनच्या पायऱ्यांवरच्या बर्फावरून कापा घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तिला चिता शहरातल्या दवाखान्यात न्यायचे ठरले. स्ट्रेचरवरून जिना उतरवत असताना तिचा आवाज सगळ्या इमारतीला ऐकू गेला. "प्रोखोर! अळंब्याला चहा दे! गोड कर! गार करून दे! ऐकलंस का? गार!"

तिने सगळे सांगितले. फक्त एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती सांगावी लागते असे तिच्या स्वप्नातही आले नसते. आमच्या भागात चहा दुधाशिवाय कोणी पीत नाही. किटलीतच दूध घालतात आणि वर चिमूटभर मीठ. बिनदुधाचा चहा म्हणजे प्रोखोरच्या मते आजाऱ्याच्या तोंडी घालायचे पाणी. अळंब्यासाठी कापा चहा वेगळा करायची, पण त्या वेळी प्रोखोर कधी स्वयंपाकघरात नसायचा. आता त्याने मोठी किटली भरून चहा केला, त्यात दूध घातले, साखर घातली आणि अळंब्याला माया म्हणून आणखी एक चमचा घातला. मीठ मात्र घातले नाही. एवढी अक्कल त्याला होती. चहा दगडासारखा गार होऊ दिला आणि माझ्यात ओतला.

दूध त्याच क्षणी फाटले. पांढरे गोळे वरखाली फिरू लागले. प्रोखोर खूश झाला. "खातोय लेकाचा!" तो म्हणाला.

मित्रांनो, ते दिवस मला आठवायचे नाहीत, पण सांगितले पाहिजेत. अळंबे राखाडी झाले, तळाशी गेले आणि पुन्हा वर आलेच नाही. माझ्या काचेवर दुधाचे कडे चढले. वास सुटला. तेव्हा प्रोखोरला कळले. त्याने मला पडद्यामागे सरकवले आणि तो खिडकीकडे पाहीनासा झाला. एवढी वर्षे कोणी पुसल्याशिवाय माझा दिवस उजाडला नव्हता, आणि आता मी नासलेले पोटात घेऊन अंधारात उभी होते. पण मला माझ्यापेक्षा त्याची जास्त कीव यायची. तो दर आठवड्याला गाडीने चिता शहरात जायचा आणि परत आला की कोट न काढता टेबलाशी बसून पडद्याकडे पाहत बोलायचा. "काही खात नाही गं ती. भिंतीकडे तोंड करून पडते. चालायला उठवलं तर म्हणते, कशाला? फक्त एकच विचारते, अळंबं कसं आहे. मी म्हणतो, मजेत. मग म्हणते, घरी आल्यावर पहिला ग्लास मी पिणार. तेवढ्यापुरती उठून बसते." इतकी वाक्ये तो लग्नातही बोलला नसेल. शेवटी एका सकाळी तो उठला, मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि जिना ओलांडून त्याने समोरचे दार वाजवले.

"प्रोखोर सावेलिच?" रिम्माने कागद उघडून आत पाहिले आणि नाकाला पदर लावावा तसा रुमाल लावला. "अहो, हे काय? यात कोणी मेलंय का?"

"मेलंय."

"दूध? तुम्ही दूध घातलंत?"

"ती चहा म्हणाली."

रिम्मा हसायला लागली. हसता हसता ती खुर्चीवर बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. मग ती हसायची थांबली, पण पाणी थांबले नाही. "कापा कशी आहे?"

"भिंतीकडे तोंड करून पडून असते."

रिम्मा उठली. तिने खिडकीचा पडदा बाजूला केला. तिथे एक बरणी होती, माझ्याच मापाची, आणि तिच्यात आमचे अळंबे होते. जाड, गोरे, थरावर थर चढलेले. कापाच्या नजरेस पडू नये म्हणून तिने ते इतकी वर्षे पडद्याआड ठेवले होते. मी ते पाहिले आणि मला वाटले, आता मला फोडले तरी चालेल.

पण तिने मला फोडले नाही. गरम पाणी आणि सोडा घेऊन तिने मला इतके घासले की दुधाचे कडे गेलेच, वर लोणच्याच्या दिवसांतला उरलासुरला वासही गेला. नवा चहा तिने तराजूवर तोलून केला आणि मग तिचा हात थांबला. "जुनं आंबट ती किती ठेवायची? मी वजनानं घालते. पण तिला तिच्या हातचं हवं असणार."

"मला काय ठाऊक," प्रोखोर म्हणाला. "इथे बघायची. वाकून, एक डोळा मिटून." आणि त्याने आपले जाड बोट माझ्या बुडबुड्यावर ठेवले.

रिम्माने वाकून पाहिले. मग ती सरळ झाली. "म्हणजे हा तिचा अंदाज? हा बुडबुडा?"

"तिलाही माहीत नसेल."

"आणि मी तिची दानत काढली," रिम्मा हळूच म्हणाली. तिने आपल्या बरणीतले आंबट माझ्यात ओतले, बुडबुड्याला टेकेपर्यंत, वर चहा घातला आणि सगळ्यांत वर एक पापुद्रा अलगद सोडला. साखर मात्र तिने आपल्याच मापाने घातली होती, कापापेक्षा थोडी कमी. तेवढा हट्ट तिने सोडला नाही.

बर्फ वितळू लागला तेव्हा कापा कुबड्या घेऊन घरी आली. कोटही न काढता ती खिडकीशी आली. "आणा ग्लास." प्रोखोरने ग्लास भरला. कापाने घोट घेतला. दुसरा घोट घेतला.

"हे अळंबं माझंच आहे. पण हे माझ्या हातचं नाही."

"मी केलं ना," प्रोखोर म्हणाला.

"तू? साखर बघ याची. तोलून घातलेली आहे. आपल्या जिन्यात साखर तोलून घालणारी एकच बाई आहे."

मग प्रोखोरला सगळे सांगावे लागले. दुधाचे, आणि चोरून रिम्माला नेऊन दिलेल्या पापुद्र्याचेही.

"दूध? माझ्या आईच्या अळंब्यात दूध?"

"तू म्हणालीस चहा."

"बिनदुधाचा म्हणाले नाही मी?"

"नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. सवयीने वाकली, एक डोळा मिटला, आणि तशीच थबकली. तिची नजर माझ्या बुडबुड्यावर होती. "आणि रिम्माला मी जुन्या आंबटाचं म्हणाले नव्हते," ती म्हणाली. "देवा रे. मी नुसता पापुद्रा दिला, कोरडा."

तिने कुबड्या उचलल्या. आमचे दार उघडेच राहिले म्हणून मला सगळे ऐकू आले. "रिम्मा! दार उघड! मला फार वेळ उभं राहता येत नाही!"

दार लगेच उघडले. रिम्मा दाराला कान लावूनच उभी असणार.

"मी आभार मानायला आलेले नाही," कापा म्हणाली.

"मानूही नकोस. मरेल ते."

"तू कधीपासून हे मानायला लागलीस?"

"एक मेलं तेव्हापासून."

मग कापा म्हणाली, "तुझी बरणी घेऊन ये."

आमच्या खिडकीच्या फळीवर दोन बरण्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. कापाने शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला. माझ्या बुडबुड्याच्या उंचीवर तिने तो दुसऱ्या बरणीभोवती गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. गाठ बसेपर्यंत रिम्माने तिच्यावर बोट धरले.

"हे सांगायचं राहिलं होतं माझ्याकडून," कापा म्हणाली.

"आणि माझ्याकडून एक शब्द परत घ्यायचा राहिला होता."

"शब्द म्हणजे काय रेल्वेचं तिकीट आहे, परत घ्यायला?" असे म्हणून कापाने खुर्ची पुढे सरकवली. "बस. आणि साखर कमी का घालतेस ते सांग. बरं लागतं ते, नाही असं नाही."

पुढच्या हिवाळ्यापासून मोदकांच्या पिशव्या पुन्हा बाल्कनीत टांगल्या जाऊ लागल्या.

आता या गोष्टीलाही बराच काळ झाला, मित्रांनो. आधी प्रोखोर गेला, तसाच, न बोलता. मग कापा गेली. ज्या दिवशी तिचे घर रिकामे केले त्या दिवशी रिम्माने मला छातीशी धरून जिना ओलांडला. आम्ही दोघी बरण्या आता तिच्या खिडकीत असतो. तिच्या खिडकीतूनही लाल टाकी दिसते, थोडी तिरपी. टाकीचे पोपडे वाढले आहेत आणि स्टेशनवर आता यंत्राचा आवाज घोषणा करतो. तो मला आवडत नाही. त्याच्यात बटाटे संपल्याची काळजी नाही.

कोणी पापुद्रा मागायला आले की रिम्मा सोबत एक बाटली जुने आंबट देते, हातभर लाल दोरा देते आणि जिन्यावरून ओरडते, "बिनदुधाचा चहा! ऐकलंत का? बिनदुधाचा!" म्हातारपणी तिचा आवाज चढला आहे. डोळे मिटले तर कापाच वाटते.

माझे आता फार दिवस राहिले नसतील. टवक्यापासून एक बारीक तडा खाली यायला लागला आहे. म्हणून एवढेच मागते. जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा उजेडासमोर धरून पाहा. तिच्यातल्या दोषाने तुमच्या घरात काय सांभाळले आहे, ते तुम्हालाही ठाऊक नसेल. कोणाला काही जिवंत द्याल तर सोबत तळाचे थोडे जुनेही द्या. आणि जे सांगायची गरजच नाही असे वाटते, ते सगळ्यांत आधी सांगा.

परवा रिम्माने मला धुतले. अळंबे पलीकडच्या ताटलीत होते, वर फडके टाकलेले. माझ्यात पाण्याचा थेंबही नव्हता, जिवंत असे काहीच नव्हते. तिने मला पुसून उजेडासमोर धरले. ताटलीवरचे फडके नीट झाकलेले आहे ना ते एकदा मागे वळून पाहिले. मग माझ्या तोंडाशी तोंड आणून ती अगदी हळू म्हणाली, "आभारी आहे गं, कापा."

तो शब्द माझ्या पोटात थोडा वेळ घुमला. तो निवेपर्यंत रिम्मा थांबली, आणि मग तिने बुडबुड्यापर्यंत जुने आंबट ओतले.